मुकादमाच्या घरचं पान

पिनहासने पाणी घेतलं नाही. मी तांब्या-भांडं पुढे केलं तसा तो एक पाऊल मागे सरकला आणि आमच्या अंगणातल्या सुपारीकडे बघत म्हणाला, "राहू दे. मी पिऊन आलोय."

धडधडीत खोटं बोलत होता. ओठ सुकले होते, दाढीतून घाम गळत होता. दिवाळी होऊन गेली तरी आमच्याकडे ऊन काही कमी होत नाही, आणि हा बाबा काळा कोट आणि काळी टोपी चढवून वाळूतून चालत आला होता. काळा कोट घातलेला माणूस आमच्या गावाने तोवर एकच पाहिला होता, अलिबागच्या कोर्टातला वकील, आणि तोही एसटीतून उतरल्यावर कोट काढून हातात घ्यायचा. तीन वर्षांपूर्वी हाच पिन्या आमच्या विहिरीवर ओंजळीने पाणी प्यायचा आणि उरलेलं माझ्या अंगावर उडवायचा. आमचा साखरपुडा झाला आणि त्यानंतर तो यरुशलेमला धर्म शिकायला गेला. आता लग्नासाठी परतला होता. लग्न मंगळवारी होतं आणि आज गुरुवार.

"लग्नाआधी तुला समुद्रात उतरावं लागेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते तर उतरणारच आहे, आत्याने चादरसुद्धा धुऊन ठेवलीय. आमच्यात नवरीने लग्नाआधी वाहत्या पाण्यात डुबी घ्यायची असते. आमच्या गावाला समुद्र दारातच, त्यामुळे आमच्या आया, आज्या, पणज्या सगळ्या तिथेच उतरलेल्या.

"तसं नाही. नवरी म्हणून नाही." तो अजून सुपारीशीच बोलत होता. "बाहेरून आपल्या धर्मात येणारी बाई जशी उतरते, तसं. तीन साक्षीदार लागतात. रविवारी पहिल्या गाडीने मुंबईहून येतील. किनाऱ्यावर पाठ करून उभे राहतील."

मला आधी हसूच आलं. मी कुठे बाहेर होते? आम्ही बेने इस्राएल. आमचे पूर्वज कोणे एके काळी गलबत फुटून या किनाऱ्याला लागले असं म्हणतात. त्यांनी इथे तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. पुस्तक समुद्रात गेलं, भाषा गेली. शनिवार मात्र गेला नाही, सुंता गेली नाही, खवल्यांशिवायचा मासा आमच्या चुलीवर चढला नाही. एवढं सांभाळून बसलेल्या घरातल्या मुलीला हा आत यायला सांगत होता.

त्याने शांतपणे समजावलं. इतकी शतकं इथे ना पुस्तक होतं ना शिकलेला धर्मगुरू. कुणी कुणाशी लग्न केलं, आपल्या मूळ आया कोण होत्या, कुणाला माहीत? शंका आहे म्हणजे आहे. पाण्यात उतरलं की शंका संपते. यात अपमान कसला, उलट स्वच्छ होणं आहे.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी उतरलो. तिकडे गेलो त्याच वर्षी."

"मग इथून गेला तो कोण होता?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे तेच होते, पिन्याचे. "ते मलाच ठाऊक नव्हतं, मिलका. म्हणून तर उतरलो. पाण्यातून वर येतो तो नुकता जन्मलेला असतो. मागचं कुणी त्याच्याबरोबर येत नाही. त्याचा बाप अब्राहाम, सगळ्यांचा पहिला बाप. प्रार्थनेला त्याला त्याच नावाने बोलवायचं."

"आणि रूबेनकाका?"

"मुकादमांना मी सांगितलंय."

मुकादमांना. रूबेनकाका त्याचा सख्खा बाप. ते आमच्या सिनेगॉगचे, म्हणजे प्रार्थनाघराचे मुकादम होते हे खरं, म्हणजे समाजाचे कारभारी, पण गावात त्यांना मुकादम म्हणायचे ते परके. मी नंतर मुद्दाम कान देऊन ऐकलं. आल्यापासून पिन्याने 'बाबा' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नव्हता.

रविवारी साक्षीदार येण्याआधी उत्तर हवं, एवढं सांगून तो गेला. उत्तर नाही असेल तर लग्न नाही, हे तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

आईवडील गेल्यावर मला सिम्हाआत्याने वाढवलं. बाईचं तोंड फटकळ, पण मन तसं नाही. ती चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. मला वाटलं, आता पिन्याच्या सात पिढ्या उद्धरेल. पण तिने फक्त नारळ फोडला आणि म्हणाली, "पोरगा खोटा नाय. खोटा असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळी झाले असते."

तिचं म्हणणं मला लगेच पटलं, कारण आदल्या दिवशी पहाटे मी एक गोष्ट पाहिली होती. पाणी शेंदायला गेले तेव्हा रूबेनकाकांच्या वाडीत पिनहास उभा होता. डोक्यावर पांढरी शाल, हाताला चामड्याचे पट्टे, आणि तो प्रार्थना म्हणत होता. आम्हीही प्रार्थना म्हणायचो, नाही असं नाही. पण आमची प्रार्थना म्हणजे पाढे. शब्द पाठ, अर्थ कुणालाच ठाऊक नाही, आणि मध्येच कुणीतरी विचारायचं की आज बाजारात सुरमई काय भावाने होती. पिन्या समोर कुणी उभं असल्यासारखा बोलत होता. थांबत होता, ऐकत होता, पुन्हा बोलत होता. सुपारीच्या झावळ्यांतून उजेड खाली आला तेव्हा त्याचं तोंड मला दिसलं, आणि माझ्या हातातला दोर तसाच राहिला. देव इतका जवळ असू शकतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तेच हवं होतं. पिन्याइतकंच, कदाचित थोडं जास्तच.

म्हणून सांगते, त्या गुरुवारी मी मनात 'हो' म्हणून टाकलं होतं.

आत्याने ते ओळखलं. रात्री जेवताना म्हणाली, "जायचं तर जा. मी चादर धरीन. पण मला एकच सांग. पाण्यातून वर आलीस की तू कुणाची? माझा भाऊ शलोम तुझा कोण?"

मी म्हटलं, मनातून तो बापच राहील की. आत्याने भाकरी मोडली आणि माझ्या ताटात टाकली.

शुक्रवारी दुपारी सिनेगॉगच्या दिव्यांसाठी खोबरेल द्यायला मी रूबेनकाकांकडे गेले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहायचे. आता मुलगा आला होता तरी घर एकट्याचंच दिसत होतं. पिनहासने मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह मांडला होता, वेगळं पातेलं आणलं होतं, आणि त्यात अंडी उकडून खात होता. बापाच्या भांड्यातलं त्याला चालत नव्हतं. लोणच्याला विटाळ लागू नये म्हणून आमच्या शेजारची एक म्हातारी जशी बरणी उचलून ठेवायची, तसा हा स्वतःलाच उचलून ठेवत होता.

काका केळीच्या बनात होते. लांब विळ्याने एक चांगलं रुंद पान कापून त्यांनी विहिरीवर धुतलं, पुसलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. मला वाटलं, सिनेगॉगमध्ये काहीतरी ठेवायला असेल. शनिवारी आम्ही काही कापत नाही, चूल पेटवत नाही, त्यामुळे शुक्रवारी सगळ्यांचीच अशी लगबग असते.

मी तेलाची बाटली ठेवली आणि विचारलं, "काका, उद्या पिन्याला तोरापुढे बोलवणार?"

"परतलेल्या माणसाला पहिल्या शनिवारी बोलवतोच आपण."

"कुठल्या नावाने?" तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, तो वाचताना माणसाला बापाच्या नावासकट हाक मारून वर बोलावतात.

त्यांनी विळा गवतावर पुसला. काका उंच, हाडापेराने मोठे, बोलायला अगदी हळू. माझे वडील वारल्यापासून दर शनिवारी ते माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे, कारण तो बापाने द्यायचा असतो आणि मला बाप नव्हता. पिन्याच्या आणि माझ्या डोक्यांवर एकाच वेळी दोन हात, अशी आमची लहानपणची वर्षं गेली.

"नाव ज्याचं त्याचं असतं, मिलका," ते म्हणाले. "मुकादमाचं काम हाक मारायचं."

मी घरी परतले.

शनिवारी सकाळी मी आणि आत्या सिनेगॉगच्या वरच्या सज्जात बसलो. आमचं सिनेगॉग लहानसंच, कौलारू, आतून निळा रंग दिलेलं. छताला काचेचे पेले टांगलेले, त्यात पाण्यावर तेल आणि तेलावर वात. खाली पुरुष कसेबसे दहा. निम्मा समाज इस्राएलला निघून गेला होता आणि दहा पुरुषांशिवाय तोरा बाहेर काढता येत नाही, म्हणून पलीकडच्या गावातून दोघांना आणावं लागायचं. पिनहास धरून दहा होत होते. तोरा वाचायला होता म्हातारा हज्जान, प्रार्थना चालवणारा, डोळ्यांना कमी दिसणारा, पण सगळं पाठ असलेला.

कपाट उघडलं, चांदीची घुंगरं वाजली, तोरा बाहेर आला. एरवी त्या घुंगरांनी मला झोप यायची. त्या दिवशी माझी नजर काकांवर होती. चौथऱ्याच्या पायरीशी ते उभे राहिले. गावात बातमी लपत नाही, सगळ्यांना सगळं माहीत होतं. पलीकडच्या गावचा एक जण खोकत होता तो खोकायचा थांबला. आत्याने माझं मनगट पकडलं.

मला वाटत होतं, काका नेहमीचंच नाव घेतील. पिनहास, रूबेनचा मुलगा. दाढी आलेल्या मुलाच्या तोंडावर बापाने आपलं नाव फेकून मारावं, त्याने उठावं नाहीतर बसून राहावं, आणि काय तो सोक्षमोक्ष होऊन जावा. दुसरं मला वाटत होतं की ते कुणालाच हाक मारणार नाहीत. त्यांचा तो हक्क होता.

काकांनी मान वर केली आणि त्यांच्या त्या हळू, जाड आवाजात, सज्जापर्यंत पोचेल अशी हाक दिली, "यआमोद पिनहास बेन अब्राहाम अवीनू." उठावं, पिनहास, आपला बाप अब्राहाम याचा मुलगा.

आवाज हलला नाही. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी तो आवाज आयुष्यभर ओळखत होते, त्यात तसूभरही फरक नव्हता. परगावच्या पाहुण्याला ते ज्या आदराने वर बोलवायचे, त्याच आदराने त्यांनी स्वतःच्या मुलाला दुसऱ्याच्या नावाने बोलावलं. वाडीत पहाटे पाहिलं होतं तेच हे होतं, पण याला ना शाल लागली होती ना परदेश.

पिनहास वर गेला. त्याने आशीर्वचन स्पष्ट म्हटलं, एकही अक्षर न चुकता. त्याची मान खाली होती.

प्रार्थना संपल्यावर आमच्यात हातबोशी असते. मोठ्या माणसापासून सुरुवात होते, एकमेकांचे हात हातात घ्यायचे, मग आपली बोटं ओठांना लावायची, आणि तसं करत ती शेवटच्या माणसापर्यंत पोचते. काकांनी हज्जानचे हात घेतले, मग एकेकाचे, आणि पिनहासपाशी आले. त्याचे हात घेतले, बोटं ओठांना लावली आणि म्हणाले, "शब्बाथ शालोम. या गावात तुमचं कुणी नातलग नाही असं समजतं. ज्याचं गावात कुणी नसतं, त्याचं पान मुकादमाच्या घरी असतं. माझ्या आज्यापासूनची रीत आहे. जेवायला चला."

'तुमचं' म्हणाले. सज्जातून मला पिन्याची फक्त टोपी दिसत होती. ती खाली झुकली. तो हो म्हणाला. नाही कसा म्हणणार? शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवशी दिलेलं आमंत्रण होतं, आणि रीत मोडणाऱ्यातला तो नव्हता.

शनिवारचं जेवण आम्ही तिघं-चौघं नेहमी एकत्रच जेवायचो, म्हणून आत्या आणि मीही तिथे होतो. आमच्या तिघांच्या ताटांत आत्याने शुक्रवारीच करून ठेवलेलं गार मटण आणि भाकऱ्या होत्या. पिनहासला काकांनी आपल्या उजव्या हाताला बसवलं, जिथे पाहुणा बसतो. मुलाची जागा समोर, दाराशी होती. ती रिकामी राहिली. मग काकांनी ओलं फडकं आणलं आणि उलगडलं.

केळीचं पान. त्यावर त्यांनी केळी ठेवली, चिकू, खजूर आणि ओल्या नारळाचे तुकडे.

"याला आग लागलेली नाही आणि माझ्या घरचं भांडंही लागलेलं नाही," काका म्हणाले. "पान काल कापलंय. विळा आधी नदीच्या वाळूने घासून घेतला होता. तुम्हाला चालेल."

म्हणजे शुक्रवारीच. कुठल्या नावाने हाक मारणार म्हणून मी विचारत होते, तेव्हा या माणसाने हाकही ठरवली होती आणि त्यानंतरचं जेवणही. मुलाच्या सगळ्या अटी त्याने आतून-बाहेरून वाचल्या होत्या आणि त्या अटींच्या आत बसेल असं ताट मांडलं होतं.

पिनहास खात होता. सावकाश, खाली बघत. मधेच काकांनी त्याच्या पानावर आणखी खजूर वाढले, तेव्हा तो "पुरे, मुकादम" म्हणाला, आणि काका थांबले.

जेवण झाल्यावर मी नेहमीसारखी उठून काकांपुढे वाकले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. तो जड, उबदार हात. दुसरा हात सवयीने थोडा उचलला गेला आणि हवेतच राहिला. काकांनी पिनहासकडे पाहिलं.

"पाहुण्याला विचारल्याशिवाय डोक्यावर हात कसा ठेवू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

"नको," पिनहास म्हणाला.

"बरं," काका म्हणाले. हात खाली आला. मग ते आतल्या खोलीत जाऊन पडले, जसे दर शनिवारी दुपारी पडायचे.

पिनहास मागच्या पडवीत जाऊन स्टोव्हशेजारी बसला होता. मी गेले आणि उभी राहिले. आत्याने मला अडवलं नाही.

मी त्याला विचारलं, हे सगळं कशासाठी. रागाने नाही विचारलं, मला खरोखरच कळून घ्यायचं होतं. मग त्याने आईचं काढलं. त्याची आई गेली तेव्हा तो शाळेत होता. पावसाळ्याचे दिवस, खाडीला पूर, पलीकडच्या गावातून कुणी येऊ शकलं नाही. दहा पुरुष जमले नाहीत. आईसाठी म्हणायची कद्दीशची प्रार्थना दहांशिवाय होत नाही, ती झाली नाही. तिला तशीच मातीत ठेवली.

"आपलं सगळंच अर्धवट, मिलका. थोडं आठवलं, थोडं विसरलं, चालवून घेतलं. मला अर्धवट नको. एक तरी गोष्ट पुरी हवी."

त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी वेगळंच बोलले. बोलायचं ठरवून गेले नव्हते, ते आपोआप आलं.

"पिन्या, तू नुकता जन्मलास. मागचं कुणी बरोबर आलं नाही. मग तुझ्या आईला मुलगाच उरला नाही. तिची कद्दीश आता कोण म्हणणार?"

त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं, पुस्तकाच्या पानासकट. या प्रश्नालाही पुस्तकात असेल काहीतरी, मला ठाऊक नाही. पण त्याला ते सापडलं नाही.

"मला तुझ्यासारखी प्रार्थना शिकायचीय," मी म्हटलं. "शब्दाचा अर्थ शिकायचाय, शनिवार नीट पाळायचाय. शिकवशील तर तुझ्याकडून, नाही तर दुसऱ्या कुणाकडून. मी समुद्रातही जाईन. पण उद्या पहाटे, आत्याबरोबर. शलोमची मुलगी म्हणून जाईन आणि शलोमची मुलगी म्हणूनच वर येईन. तुझे साक्षीदार येतील तेव्हा माझे केस वाळलेले असतील. त्यानंतर मंगळवारचं काय ते तू ठरव."

मी घरी आले. मी लग्न मोडून आले होते, असंच मला वाटत होतं. आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी पोटभर रडले, आणि तिने एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

रविवारी पहाटे आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो. आमचा समुद्र पश्चिमेला, सूर्य मागून येतो. आधी दूरवरचं पाणी उजळतं आणि मग हळूहळू उजेड आपल्याकडे चालत येतो. ओहोटी लागली होती. काळ्या कातळाच्या आडोशाला आत्याने चादर धरली आणि मी कपडे उतरवून पाण्यात शिरले. अंगावर काही नाही, हातात बांगडी नाही, गळ्यात काही नाही. कमरेपर्यंत गेल्यावर मी मागे पाहिलं, तर आत्या चादरीवरून बघत होती. तीही याच पाण्यात उतरली होती, तिची आईही. फुटलेल्या गलबतातून निघालेल्या त्या पहिल्या बायाही याच पाण्यातून वर आल्या होत्या, नाक-तोंडात खारं पाणी, आणि डोक्यात फक्त शनिवार. त्या कुणाच्या मुली होत्या याची शंका त्या लाटेने कधी काढली नव्हती.

मी बुडाले. पाण्याखाली आवाज नव्हता. मला वाटलं, कुणीतरी थांबून ऐकतंय. घाबरले नाही. वर आले तेव्हा आत्या ओरडली, "कोशेर!" म्हणजे पुरी बुडालीस, एक केसही बाहेर राहिला नाही. दुसऱ्या डुबीला तेच, तिसऱ्याला तिचा आवाज फुटला.

ते तिघे साक्षीदार दहाच्या एसटीने आले. त्यांना शहाळी पाजून काकांनी परत बसमध्ये बसवलं. आमच्या घरात आजही दोन वेगळ्या कपाटांत भांडी आहेत, माझ्या नवऱ्याचा हट्ट. आणि वर्षातून एकदा पोहे, नारळ, गूळ, फळं यांचा मलिदा होतो आणि एलियाहू हन्नाबीला, आमच्या संदेष्ट्याला, आळवलं जातं, हा माझा हट्ट. मलिद्याला पुस्तकात आधार नाही असं तो दर वर्षी सांगतो, आणि मग दुसऱ्यांदा वाढून घेतो. मी रोज सकाळी अर्थ समजून प्रार्थना करते. पण त्या पहाटे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त केस पिळत होते, आणि दात वाजत होते.

कपडे घालून झाले तेव्हा कातळाच्या पलीकडून माणसाची चाहूल आली. आत्या पुढे झाली. कातळाच्या टोकाला रूबेनकाका उभे होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्या एका हातावर पंचा होता, आणि दुसऱ्या हातावर घडी घातलेला काळा कोट. कोटावर काळी टोपी. आमच्यात नवरदेवही लग्नाआधी डुबी घेतो, पण त्याच्यासोबत कुणी वडीलधारं लागतं.

कातळापलीकडचं पाणी मला दिसत नव्हतं. काका मात्र डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघत होते, आणि अचानक त्यांनी हाक मारली. सिनेगॉगमधली ती हळू, जाड हाक नव्हती. घाबरलेल्या माणसाची, घशातून फाटलेली हाक होती.

"पिन्या! फार आत जाऊ नको! ओहोटी आहे, ओढतं पाणी!"

लाटा येत होत्या. मी आत्याचा हात धरला.

मग कातळामागून, खाऱ्या पाण्याने गुदमरलेला, लहान मुलासारखा आवाज आला, "आलो, बाबा."